दुधरामजींचा आठ किलोचा कोंबडा

दुधराम लंजे यांनी उभ्या आयुष्यात कोंबडा कधी वजन करून खाल्ला नव्हता. शिजलेला कोंबडा जिवंतपणी किती भरत होता, हे विचारतं कोण? पण त्यांचे व्याही मनिराम कापगते यांनी ते विचारलं, तेही भर पंगतीत, आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

आमच्याकडे दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दिवसभर बाजार, पाळणे, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही, तो माणूस गावात असून नसल्यासारखा. आणि ज्याच्या घरी पाहुणे आहेत पण रश्श्यात तुकडा सापडत नाही, त्याच्यापेक्षा तो पहिला बरा! गेल्या मंडईला दुधरामजींच्या मुलीचे, निशाचे, सासरे मनिरामजी साकोलीकडून आले होते. घरचा कोंबडा कापला होता. मनिरामजींनी ताटातली तंगडी दोन बोटांत धरली, डॉक्टर एक्स-रे बघतात तशी उजेडाकडे केली आणि विचारलं,

"इवाईबुवा, या कोंबड्याले दाना टाकत होते, का नुसता उपदेश करत होते?"

पंगत हसली. दुधरामजीही हसले, कारण व्याह्याच्या विनोदाला न हसण्याची सोय मुलीच्या बापाला नसते. पण ते हसू जे घशात अडकलं, ते राखीपर्यंत खाली उतरलं नाही. राखीला निशा माहेरी आली आणि भावाला राखी बांधून झाल्यावर हळूच म्हणाली,

"बाबा, आमच्या घरी कोंबडा कापला का तुमचाच नाव निघते. मामाजी तंगडी उचलतेत आन् म्हनतेत, 'हा उपदेशवाला नाई ना?' सारे हासतेत. मले बी हासा लागते. मंग चुलीकडे तोंड करून डोरे पुसा लागते."

मुलीचे डोळे ओले झाले, तेही एका हडकुळ्या कोंबड्यापायी, हे दुधरामजींच्या काळजाला लागलं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, की यंदाच्या मंडईला कोंबडा असा तयार करायचा की मनिरामजींना तंगडी दोन हातांनी उचलावी लागेल. घरी सहा कोंबड्या होत्या आणि कोंबडा एकच, लाल तुऱ्याचा, वयाने कोवळा आणि अंगाने किडकिडीत. निवड करायचा प्रश्नच नव्हता.

दुधरामजींनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली होती. जातीने कोहळी. वाडवडिलांनी गावोगावी तळी खोदली आणि दुधरामजींनी पाण्याच्या नोंदी केल्या. (खोदण्यापेक्षा नोंद ठेवणं जास्त जिकिरीचं, असं त्यांचं मत आहे. तळं एकदा खोदलं की संपतं, नोंद रोज करावी लागते.) लिहिलेल्या आकड्यावर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. नोकरीत असताना साहेबांनी एकदा विचारलं होतं, "लंजे, बाहेर पाऊस पडतोय का हो?" तेव्हा खिडकी हाताशी असूनही दुधरामजींनी पर्जन्यमानाची वही उघडली होती.

राखीनंतर आठवड्याभरात गोंदियाला राहणारा मुलगा हिमांशु त्यांना तिथल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. पायाला मुंग्या येतात अशी तक्रार होती. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, "काका, वजन चौऱ्याण्णव किलो आहे. साखर अगदी उंबरठ्यावर आहे. दहा किलो उतरवा, नाहीतर ती घरात येईल." मग एक छापील कागद दिला. डाव्या बाजूला 'हे खा', उजव्या बाजूला 'हे टाळा', वर वजन, खाली सही आणि शिक्का.

घरी आल्यावर हिमांशुने आईला सगळं समजावून सांगितलं. 'साखर' हा शब्द ऐकला आणि सुशीलाबाईंच्या हातातली परात तशीच राहिली. त्यांचा थोरला भाऊ साखरेनेच गेला होता, आधी पायाचं बोट, मग पाय, मग तो. कागद त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून नारळ आणि हळद घेऊन गावाबाहेरच्या मातामाय देवीपाशी गेल्या, आणि परत आल्यावर कोंबड्याच्या पायात पिवळा दोरा बांधला.

"दोरा कायले?" दुधरामजींनी विचारलं.

"असू द्या. तुमाले काय तरास होऊन राहिला?"

त्रास काहीच नव्हता. उलट कोंबड्याकडे बायकोचंही लक्ष आहे, हे बघून त्यांना बरं वाटलं.

खिळ्याला अडकवलेला कागद दुधरामजींनी तीनदा वाचला, पण प्रत्येक वेळी उजवीकडून. भात, गूळ, शेंगदाणे, तूप, तळलेले पदार्थ, दुपारची झोप. वाचता वाचता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ज्या खाण्याने माणसाचं वजन वाढतं म्हणून एवढा शिकलेला डॉक्टर बोंबलतो, त्याच खाण्याने कोंबड्याचं का वाढू नये? शिवाय वर सही-शिक्का. गावातल्या धानगिरणीचा मालक भैय्यालाल हा त्यांचा जुना मित्र. तो म्हणालाही, "दुधराम भाऊ, सीधी बात है. चावल की कनकी दे, कोंडा दे, थोडी सुकट डाल, मुर्गा अपने आप बन जायेगा."

"कागदावर कनकी नाई," दुधरामजी म्हणाले आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून कोंबड्याचा खुराक सुरू झाला. शेंगदाणे भाजून, फुटाणे कुटून, गूळ आणि तूप घालून दुधरामजी स्वतः सुपारीएवढे लाडू वळू लागले. कोंबड्याने पहिला लाडू बघितला, मान वाकडी केली, त्यातला एक दाणा टोचून काढला आणि उकिरड्याकडे निघून गेला. दुधरामजी विचारात पडले. शेंगदाणा कडू तर निघाला नसेल? खात्री करायला त्यांनी एक लाडू तोंडात टाकला. कडू नव्हता. पण एका लाडवावरून सगळ्या घाण्याचा अंदाज कसा यावा, म्हणून दुसरा टाकला. (खात्यात असताना ते पाण्याचे नमुनेसुद्धा तीन घेत असत.) तिसरा खाताना त्यांना कळलं, की कोंबड्याने टाकलेलं अन्न वाया घालवणं पाप आहे.

इकडे त्यांच्या ताटात कागदाची डावी बाजू येऊ लागली. उकडलेली लवकी म्हणजे दुधी भोपळा, मोड आलेली मटकी, बिनतेलाची पालेभाजी. सुशीलाबाई समोर उभ्या राहून वाढायच्या. मग दुधरामजींनी "अंगणात हवा चांगली असते" असं कारण काढलं आणि ताट घेऊन बाहेर बसायला लागले. लवकीची एक फोड खाली पडली, ती कोंबड्याने झडप घालून उचलली. दुसरी पडली नाही, पाडली. आठवड्याभरात अशी वहिवाट पडली, की ताट वाजलं की कोंबडा आणि सहाही कोंबड्या धावत यायच्या आणि दहा मिनिटांत ताट लख्ख! सुशीलाबाई ते चाटूनपुसून स्वच्छ केलेलं ताट बघायच्या आणि मनातल्या मनात मातामायला हात जोडायच्या.

राहिली दुपारची झोप. कोंबडा काही केल्या दुपारी झोपेना. दुधरामजी त्याला डालग्याखाली झाकायचे, शेजारी खाट टाकायचे आणि त्याला सवय लागावी म्हणून स्वतः झोपून दाखवायचे. रोज दोन तास दाखवायचे.

आता एवढं सगळं करायचं तर नोंद हवीच. हिमांशुने गोंदियाहून वजनकाटा आणून दिला होता. वडिलांनी दर रविवारी वजन करावं, एवढाच त्याचा साधा हेतू. दुधरामजींनी जाड पुठ्ठ्याची वही काढली, पट्टीने तीन रकाने आखले आणि वर शाईने लिहिलं : तारीख, कोंबडा, शेरा. पण कोंबडा काट्यावर उभा राहीना. ठेवला की उडी. पाय बांधून आडवा ठेवला तर असा ओरडला, की भैय्यालाल गिरणी बंद करून धावत आला. तेव्हा दुधरामजींना युक्ती सुचली. कोंबडा बगलेत धरून स्वतःच काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. आपलं वजन किती? चौऱ्याण्णव. डॉक्टरांच्या सहीचं आहे. ते परत मोजायचं कशाला? मंजूर झालेला आकडा दर आठवड्याला उघडायचा नसतो, हे त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

पहिल्या रविवारी काट्याने पंचाण्णव किलो तीनशे ग्रॅम दाखवलं. वजा चौऱ्याण्णव. दुधरामजींनी सुबक अक्षरात लिहिलं : एक किलो तीनशे. शेरा : प्रकृती ठीक. स्वभाव तापट.

दुसऱ्या रविवारी कोंबडा एक किलो नऊशे भरला. गणपती बसले तेव्हा अडीच किलो, पितृपक्षात पावणेचार, दसऱ्याला साडेपाच. शेऱ्याच्या रकान्यात 'समाधानकारक'च्या जागी 'उल्लेखनीय' आलं आणि 'उल्लेखनीय'च्या जागी 'विक्रमी'. दर रविवारी आकडा लिहून झाला की दुधरामजी कोंबड्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवायचे आणि कोंबडा त्यांना टोचायचा.

"शेंगदाने सरले का?" एक दिवस सुशीलाबाईंनी विचारलं. "परवा तं आनले होते."

"कोंबडा खाते."

"एवढा?"

"वजन कसं वाढून राहिलं त्याचं! वही पाहा."

सुशीलाबाईंनी वही पाहिली नाही, कोंबडा पाहिला. "मले तं तो तेवढाच दिसून राहिला."

"डोऱ्याले काय समजते? आकडा पाहा, आकडा."

"कोंबडा खाची वस्तू होय का आकडा?"

दुधरामजींनी शर्टाचं तुटलेलं बटण दाखवून विषय बदलला. अलीकडे त्यांची बटणं फार तुटत होती. पँटचा हूकही बसत नव्हता. कपडे आटतात, साबण बदलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हिमांशुचा गोंदियाहून फोन यायचा. "बाबा, दर रविवारी वजन करता ना?"

"एक रविवार सुटला नाई."

"काही फरक?"

"लय फरक. वहीत लिहून हाये." यात खोटं एक अक्षर नव्हतं.

संशय फक्त भैय्यालालला आला. तो एकदा कुंपणापाशी उभा राहून बराच वेळ आधी कोंबड्याकडे आणि मग दुधरामजींकडे बघत राहिला. "भाऊ, बुरा मत मानना. मुर्गा तो उतनाच है. तुम जरा भरे-भरे लग रहे."

"तू धान मोज," दुधरामजी म्हणाले, "कोंबड्यातला तुले काय समजते?"

दिवाळी झाली. मंडई मंगळवारवर आली. त्याआधीच्या रविवारी काट्यावर आकडा आला एकशे दोन किलो चारशे. दुधरामजींनी दोनदा वजाबाकी केली, मग हात धुऊन व्याह्यांना फोन लावला.

"राम राम इवाईबुवा. आठ किलो चारशे ग्राम."

"काय, कोहळा?" मनिरामजींनी विचारलं.

"कोंबडा."

"कोंबडा होय का बोकड?"

"वहीत लिहून हाये. तारीखवार. या साली उपदेश नाई, दाना टाकला."

"मंग आमी सारेच येतो," मनिरामजी म्हणाले. "असा कोंबडा पाहासाठी आमच्या गावचे लोकं बी मांगं लागतीन."

फोन ठेवताना दुधरामजींची छाती भरून आली होती. (बाकीचं आधीच भरलेलं होतं.) सुशीलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"तो कोंबडा कापाचा हाये का?"

"मंग काय त्याची आरती कराची हाये?"

सुशीलाबाईंनी अंगणात जाऊन कोंबड्याच्या पायातल्या दोऱ्याची गाठ घट्ट केली. संध्याकाळी त्या तळ्याकडच्या ढिवरांच्या मोहल्ल्यात जाऊन आल्या. कशाला, ते दुधरामजींनी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन हातांनी उचललेली तंगडी होती.

मंगळवारी अकरा वाजता पिकअप गाडी दारात थांबली आणि तिच्यातून बावीस माणसं उतरली. मनिरामजी, विहीणबाई, निशा, जावई, जावयाचे भाऊ, भावांची पोरं आणि फक्त कोंबडा बघायला आलेले चार शेजारी. हिमांशु गोंदियाहून आला होता. भैय्यालाल गिरणीतून आला. मनिरामजी खाटेवर बसले, पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "दाखवा."

दुधरामजींनी डालग्यावर हात ठेवला. घसा साफ केला. दोन शब्द बोलावेत असं त्यांच्या मनात होतं, पण पोरांनी गिल्ला केला म्हणून त्यांनी डालगं उचललं. लाल तुऱ्याचा कोंबडा बाहेर आला, अंग झाडलं, अंगणाला एक गिरकी मारली आणि टुणकन भिंतीवर जाऊन बसला. पायात पिवळा दोरा. अंगात मांस नाही, पण चपळाई अशी, की पोलीस भरतीत पहिल्या फटक्यात निघावा.

बावीस माना भिंतीकडे वळल्या.

"हा पोट्टा झाला," शेवटी मनिरामजी म्हणाले. "आता याच्या बापाले काढा."

"हाच तो," दुधरामजी म्हणाले आणि घाईघाईने वही आणून वाचायला लागले. "सतरा तारीख, तीन किलो सातशे, उल्लेखनीय. चोवीस तारीख..."

"इवाईबुवा, वही शिजवाची हाये का?"

पंगत बसायच्या आधीच हसली. निशा ओसरीवर उभी होती, तिने मान खाली घातली. ते दुधरामजींनी पाहिलं आणि त्यांच्या कानशिलांना चटका बसला. "आना काटा!" ते ओरडले. "होऊन जाऊ दे दूध का दूध!"

भैय्यालालने गिरणीतला पोती मोजायचा काटा ढकलत आणला. कोंबड्याला पकडायला सात माणसं आणि पाव तास लागला. त्याला गोणीत घालून काट्यावर ठेवलं.

"एक किलो चार सौ!" भैय्यालालने पोत्यांचा आकडा सांगायच्या सवयीने सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

"काटा बिघडला हाये," दुधरामजी म्हणाले.

भैय्यालालला हे लागलं. "पूरे गाव का धान इसपे तुलता है, भाऊ."

"मंग मले चढू दे. माझं वजन चौऱ्याण्णव हाये, डॉक्टरच्या सहीचं. काट्यानं चौऱ्याण्णव दाखवलं तं खरा, नाई तं खोटा."

आणि बावीस पाहुण्यांसमोर, व्याही आणि विहिणीच्या देखत, दुधराम लंजे आपण होऊन धानाच्या काट्यावर चढले. त्यांनी खाली आकडा बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये पोट आलं. आकडा भैय्यालालनेच सांगितला.

"एक सौ एक!"

"शगुनाचा आकडा आला," मागून कोणीतरी म्हणालं.

हिमांशु पुढे आला. त्याने वडिलांच्या हातातली वही घेतली, पानं उलटली आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही कोंबडा हातात घेऊन वजन करत होते? आन् स्वतःचं दर वेळी चौऱ्याण्णवच धरत होते?"

"मंजूर आकडा होता."

"तुम्ही एकशे एक. कोंबडा एक चारशे. झाले एकशे दोन चारशे. त्यातून चौऱ्याण्णव गेले का..."

"आठ चारशे," दुधरामजींच्या तोंडून निघून गेलं. (वजाबाकी अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही, स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी.) आणि मग त्यांना सगळं कळलं. वहीत एकही नोंद चुकलेली नव्हती. अडीच महिन्यांचा प्रत्येक ग्रॅम बरोबर होता. तो कोणाच्या अंगावर आहे, एवढंच बघायचं राहिलं होतं.

मनिरामजी खाटेवरून उठले. त्यांनी दुधरामजींना वरून खाली आणि खालून वर नीट न्याहाळलं. "खुराक लागला इवाईबुवा," ते म्हणाले, "फक्त अंग चुकलं."

मग जे हसणं झालं, ते मंडईच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. पोरं लोळली. विहीणबाईंनी तोंडात पदर कोंबला. दुधरामजींनी भीत भीत ओसरीकडे पाहिलं. निशा भिंतीला टेकून पोट धरून हसत होती आणि डोळे पुसत होती, पण चुलीकडे तोंड करून नाही. सगळ्यांच्या समोर. ते बघून दुधरामजींच्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं काट्यावरच होतं.

"बरं, झालं ते झालं," खाली उतरून ते म्हणाले. "आहे तेवढा कोंबडा कापा. रस्सा वाढवू."

"हात लावू नका त्याले!"

सुशीलाबाई दारात उभ्या होत्या, हातात पळी. "तो मातामायचा हाये. मी नवस बोलली हावो. दोरा उगाच नाई बांधला."

"कायचा नवस?" दुधरामजींनी विचारलं.

"तुमचा! तुमचं वजन दहा किलो उतरलं का तुले हा कोंबडा देईन, म्हनून सांगतलं मातामायले. नवस कोनाले सांगतला का फरत नाई, म्हनून चूप होती. आता काय फराचा राहिला!" सुशीलाबाईंनी पळी उंबरठ्यावर आपटली. "माझा भाऊ गेला या साखरेपायी. मी रोज लवकी उकडतो, तुमी ताट चाटूनपुसून खाता, मले वाटे, आता उतरते, आता उतरते. आन् लवकी हा कोंबडा खाऊन राहिला होता!"

दुधरामजींनी मान खाली घातली. अडीच महिने ते व्याह्यापुढे इज्जत राखायला झटत होते आणि ही बाई त्यांचा जीव राखायला मातामायच्या दारात उभी होती, हे त्यांना धानाच्या काट्यावरून उतरल्यावर कळलं. त्यांना फार वाईट वाटलं. लाडवांचंसुद्धा.

"म्हंजे मी चौऱ्यांशीवर येतपावतर..." ते पुटपुटले.

"तवापावतर तो मोकरा."

कोंबडा गोणीतून सुटून पुन्हा भिंतीवर जाऊन बसला होता. तिथून तो आरवला.

पंगत मात्र उपाशी उठली नाही. सुशीलाबाईंनी दोन दिवस आधीच मासेमार ढिवरांना सांगून ठेवलं होतं. सकाळीच तळ्यातली रोहू आली होती आणि चुलीवर दोन गंज, म्हणजे मोठी पातेली भरून, रस्सा तयार होता. मनिरामजी तीनदा मागून जेवले आणि म्हणाले, "ईनबाई, अशी मासोळी मी जन्मात खाल्ली नाई." मंडईची इज्जत राहिली. दुधरामजींच्या ताटात लवकी होती. समोर बावीस माणसं बसलेली असल्यामुळे ती त्यांनाच खावी लागली.

तेव्हापासून दुधरामजी पहाटे तळ्याच्या पाळीवरून दोन चकरा मारतात. उठवायचं काम कोंबडा करतो, आणि खाण्याच्या नादात कोंबड्याचं आयुष्य दुधरामजींइतकं कोणी लांबवलं नसेल, असं भैय्यालाल म्हणतो. दर रविवारी आठ वाजता ते काट्यावर चढतात, एकटे. वही आता सुशीलाबाईंकडे आहे. त्या चष्मा लावून आकडा बघतात आणि कोऱ्या पानांवर पुढे लिहीत जातात, त्याच तीन रकान्यांत : तारीख, कोंबडा, शेरा.

"मधल्या रकान्याचं नाव तं बदल," दुधरामजींनी एकदा विनवलं. "तठी माझं नाव लिही."

"नवऱ्याचा नाव मी कसा लिहू? आजपावतर तोंडातून काढला नाई."

"मंग 'हे' लिही."

"शाईनं लिहिलेला खोडाचा नाई, तुमीच सांगतलं होतं."

होळीच्या आधीच्या रविवारी आकडा सत्त्याण्णव किलो सहाशेवर आला. हिमांशुला इतका आनंद झाला, की त्याने वहीच्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत साकोलीकडून उत्तर आलं : "कोंबडा सत्त्याण्णव किलो सहाशे! इवाईबुवा, आता आनखी उतरवू नका. मंडईले आमी मोठा गंज संग घेऊन येतो."

दुधरामजी भडकले. फोटो कोणी काढला, का काढला, वही बाहेर गेलीच कशी, ही काय घरातल्या नोंदी जपायची रीत झाली, असं ते दिवसभर घरभर ओरडत फिरले. त्या संध्याकाळी सुशीलाबाईंनी शांतपणे वही उघडली आणि शेऱ्याचा रिकामा रकाना भरला.

प्रकृती ठीक. स्वभाव तापट.